फेटलिंग शेडसाठी घेतलेला १५ एचपीचा बॅग फिल्टर डस्ट कलेक्टर : चौदा महिन्यांचा अनुभव

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमची फेटलिंगची जॉबवर्क शेड आहे. आसपासच्या फाउंड्र्यांतून कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडाचे नग येतात. आम्ही रनर-रायझर (ओतताना नगाला जोडून राहिलेले जादा तुकडे) तोडतो, फिन्स (साच्याच्या सांध्यातून आलेल्या पातळ कडा) काढतो, ग्राइंडिंग करून माल परत पाठवतो. माणसं ११. तीन पेडस्टल (जमिनीवर उभे) ग्राइंडर, हँड ग्राइंडरची दोन टेबलं, मोठ्या नगांसाठी एक स्विंग (वरून टांगलेला) ग्राइंडर आणि कोपऱ्यात रिपेअर वेल्डिंगची जागा. मागच्या वर्षी पाडव्याला शेडवर डस्ट कलेक्टर, म्हणजे धूळ ओढून कापडी बॅगांत गाळणारं मशीन सुरू केलं. आता दुसरा पावसाळा तोंडावर आलाय. या चौदा महिन्यांत निदान सात-आठ शेडवाले येऊन बघून गेले, आणि प्रत्येकाने पहिला प्रश्न एकच विचारला : कितीला पडला? म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहितोय.

आधी किंमत. मशीन, डक्टिंग (हवेच्या नळ्या), हूड (धूळ निघते तिथं ती ओढून घेणारं तोंड) आणि बसवणूक मिळून ६ लाख ८० हजार, वर जीएसटी. पुढं दुरुस्त्या करून घेतल्या त्यात आणखी ७० हजार गेले. बनवणारे आमच्या जिल्ह्यातलेच फॅब्रिकेटर आहेत. नाव मुद्दाम देत नाही. हेच मशीन चुकीच्या हूडला जोडलं तर सगळे पैसे पाण्यात जातील, आणि लोक नाव बघून तेवढंच मशीन उचलतील, ही मला भीती आहे.

मशीनमध्ये आहे काय? ५,५०० सीएफएमचा (मिनिटाला तेवढे घनफूट हवा ओढणारा) ब्लोअर, त्याला १५ एचपीची मोटर. ८० पॉलिस्टरच्या बॅगा, प्रत्येक १५० मिमी व्यासाची आणि २.४ मीटर लांब. हिशेब केला तर कापड साधारण ९० चौरस मीटर भरतं, म्हणजे एका चौरस फुटामागं मिनिटाला पावणेसहा घनफुटांच्या आत हवा जाते. कोटेशन घेताना हा आकडा जरूर विचारा. एका पार्टीने मला तेवढ्याच हवेला ४० बॅगांचं मशीन दीड लाखाने स्वस्त देऊ केलं होतं. कापड निम्मं म्हणजे प्रत्येक बॅगेवर भार दुप्पट. बॅगा लवकर चोंदतात, ओढ कमी होते, आणि आपण समजतो मशीन चालू आहे.

याच्या आधी मी दोन चुका केल्या. पहिली, भिंतीला तीन मोठे एक्झॉस्ट फॅन लावले. आमच्या पत्र्याला दोन-तीन भोकं आहेत, सकाळी नऊ-साडेनऊला त्यातून कवडसे पडतात. फॅन लावल्यावर त्या कवडशात बघितलं तर धूळ बाहेर जायच्या आधी अख्ख्या शेडमधून फिरत होती. टेबलावरची धूळ ग्राइंडरवाल्याच्या तोंडावरून, ग्राइंडरची पॅकिंगवाल्याच्या तोंडावरून, आणि मग भिंतीकडं. दुसरी चूक म्हणजे जुना सायक्लोन विकत घेतला, म्हणजे हवा गरगर फिरवून धूळ खाली पाडणारं नरसाळं. खाली बादली भरायची, ते बघून समाधान वाटायचं. पण सायक्लोनमध्ये पडते ती जाड धूळ. फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचते ती धूळ दहा मायक्रॉनपेक्षा बारीक असते, आणि त्यातला मोठा वाटा सायक्लोनमधून वरच्या वर निघून जातो. ती बादली रोज भरत होती आणि नेमकी घातक धूळ आम्ही हवेत सोडत होतो.

हे माझ्या डोक्यात इतकं का बसलंय ते सांगतो. आमच्या आण्णांनी बावीस वर्षं एका फाउंड्रीत फेटलिंग केलं. तोंडाला गमछा बांधायचे, तेवढंच. नंतर धाप लागायला लागली. टीबी म्हणून दोनदा पूर्ण कोर्स झाला. तिसऱ्यांदा एका तरुण डॉक्टरने एक्स-रे खाली ठेवून विचारलं, "काका, तुम्ही काम काय करत होता?" तोपर्यंत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. सिलिकोसिस निघाला, म्हणजे वाळूतल्या सिलिकाच्या बारीक धुळीने होणारा फुप्फुसाचा रोग. त्यावर औषध नाही. फुप्फुसात जे व्रण पडतात ते भरून येत नाहीत आणि त्या माणसाला टीबीचा धोकाही इतरांपेक्षा जास्त असतो. आण्णा आता घरीच असतात. माडीवर जायला सोळा पायऱ्या आहेत, आठव्या पायरीवर बसतात.

लोखंड घासलं की लोखंडाची धूळ येणार, त्यात वाळू कुठली, असं बरेच जण म्हणतात. मोल्डिंगची वाळू म्हणजे बहुतेक सगळी सिलिका, आणि ती कास्टिंगच्या अंगाला भाजून चिकटलेली असते. खाचेत कोअरची (नगाच्या आतली पोकळी करायला ठेवलेल्या साच्याची) वाळू अडकलेली असते. ग्राइंडरचा दगड फिरला की तिचा पार भुगा होतो. म्हणून खर्च करण्याआधीच एक काम करा, त्याला पैसे लागत नाहीत. मी फाउंड्रीवाल्यांना सांगितलं की शॉट ब्लास्टिंग (पोलादी छर्रे मारून वाळू झाडणं) झाल्याशिवाय माल शेडमध्ये घेणार नाही. दोघांनी कुरकुर केली, एक पार्टी सुटली. बाकीच्यांकडून आता स्वच्छ माल येतो, आणि नुसत्या त्या अटीने टेबलाखाली जमणारा वाळूचा ढीग निम्म्याच्या खाली आला.

आता हूडबद्दल. या सगळ्या लिखाणात माझ्या मते हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे.

देवापुढचा दिवा फुंकून विझवता येतो, हातभर लांबून सुद्धा. तोच दिवा श्वास आत ओढून विझवून बघा. वातीला ओठ टेकायची वेळ येईल. ब्लोअरचंही तसंच आहे. ढकललेली हवा लांब जाते, ओढलेली हवा तोंडाजवळच संपते. सहा इंची पाइपच्या तोंडाशी जो वेग असतो, तो सहा इंच पुढं गेलं की एक दशांशाच्याही खाली येतो. एक फूट पुढं तर काही उरतच नाही. त्यामुळं डोक्यावर टोपीसारखा मोठा कॅनॉपी हूड लावणारी जी कोटेशनं माझ्याकडं आली होती, ती मी बाजूला ठेवली. डोक्यावरच्या हूडकडं जाताना धूळ माणसाच्या नाकासमोरून जाते. भट्टीच्या गरम धुरासाठी वरचा हूड एक वेळ ठीक, कारण तो धूर आपोआप वर चढतो. वाकून काम करणाऱ्या ग्राइंडरवाल्यासाठी तो उपयोगाचा नाही.

आमच्या फॅब्रिकेटरने बसवताना खिशातून उदबत्तीचा पुडा काढला. पेटवलेली उदबत्ती टेबलाच्या कडेला, मधे, वीतभर उंचीवर, अशी फिरवत गेला. धूर जिथं सरळ वर गेला तिथं खडूने फुली मारली, आणि संध्याकाळपर्यंत त्या फुल्या कमी करत बसला. ज्याच्या खिशात उदबत्ती असते त्याला काम द्या, असं मी आता सगळ्यांना सांगतो.

दोन्ही टेबलं डाउनड्राफ्ट आहेत. वर पट्ट्यांची जाळी, खाली खोका, हवा खाली ओढली जाते. टेबल तीन बाय चार फूट, प्रत्येकी १,८०० सीएफएम. मागं आणि दोन्ही बाजूंना पत्र्याचे आडोसे, मागच्या आडोशाला उभ्या फटी, कारण हँड ग्राइंडरची ठिणगी खाली जात नाही, आडवी उडते. ती मागच्या फटीकडं गेली पाहिजे असं उभं राहून काम करायला शिकवावं लागलं. यात एक गोष्ट आमच्या कुणाच्याच लक्षात आली नव्हती. आमचा एक पोरगा डावखुरा आहे. त्याच्या ग्राइंडरची धार बरोबर उलट बाजूला, उघड्या तोंडाकडं जात होती. दोन महिने तो सगळ्यांपेक्षा जास्त धूळ खात होता आणि बोलला नाही. शेवटी त्याच्यासाठी टेबलाचा एक आडोसा उलटा करून दिला. आणखी एक : नग एवढा मोठा असेल की सगळी जाळी झाकली जाते, तर ते टेबल बंद असल्यासारखंच आहे. निदान चारी बाजूंनी वीतभर जाळी मोकळी राहिली पाहिजे.

पेडस्टल ग्राइंडरला प्रत्येकी ५०० सीएफएम आहे. दगड झिजत जातो तशी वरच्या गार्डची जीभ (दगडासमोरची सरकती पट्टी) खाली सरकवायची असते, दगड आणि जीभ यांत सहा मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको. जीभ सरकवली नाही की दगडाबरोबर फिरणारी धूळ वरून बाहेर पडते आणि सरळ डोळ्यांपुढं येते. दगड फुटला तर हीच जीभ वाचवते, हे वेगळंच. दर सोमवारी पाना घेऊन तीन जिभा सरकवायचं काम मी स्वतः करतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं की राहून जातं.

आता तक्रारी.

ग्राइंडरकडं जाणारा डक्ट पहिल्यांदा बारा इंची टाकला होता. कारण काय, तर "साहेब, पुढं आणखी ग्राइंडर जोडता येतील." ऐकायला बरं वाटलं. तिसऱ्या आठवड्यात ग्राइंडरची ओढ मेली. डक्टवर हातोडीने टकटक केलं तर खालचा अर्धा भाग भरीव वाजला. तीन ग्राइंडरची मिळून हवा १,५०० सीएफएम. बारा इंची नळीत ती मिनिटाला जेमतेम १,९०० फुटांनी चालते, आणि असली जड धूळ तरंगत ठेवायला साडेतीन ते चार हजार लागतात. वेग कमी म्हणून धूळ वाटेतच बसत होती. आठ इंची डक्ट टाकल्यावर वेग सव्वाचार हजारावर गेला आणि त्यानंतर एकदाही तुंबला नाही. काटकोनातले दोन एल्बो काढून लांब वळणाचे घातले. हा खर्च त्यांनी अर्धा सोसला, अर्धा मी. माझ्या मते तो पूर्ण त्यांचा होता.

दुसरी तक्रार ठिणग्यांची. पहिल्याच महिन्यात तीन बॅगांना भोकं पडली. ग्राइंडरची ठिणगी डक्टमधून थेट बॅगेपर्यंत पोचत होती. मधे आडव्या पट्ट्या असलेला एक खोका बसवून घेतला, त्यात हवा वळसे घेते, ठिणगी आपटून विझते आणि जड कण खाली पडतात. हा स्पार्क ट्रॅप मूळ कोटेशनमध्येच असायला हवा होता. आणि हात जोडून सांगतो, लोखंडाच्या ठिणग्या जिथं जातात त्या लाइनवर अॅल्युमिनियमचा नग कधीही घासू नका. अॅल्युमिनियमची बारीक धूळ स्फोटक असते, आणि लोखंडाच्या गंजाबरोबर मिसळली की ती कशी पेटते हे रुळांच्या वेल्डिंगवर काम केलेल्या माणसाला विचारा. मागच्या दिवाळीआधी चांगल्या दराची अॅल्युमिनियमची ऑर्डर आली होती. परत पाठवली.

तिसरी तक्रार पावसाळ्याची. बॅगा झटकायला सहा बार दाबाची कॉम्प्रेसरची हवा आळीपाळीने सोडली जाते. जुलैमध्ये त्या हवेबरोबर पाणी आलं, बॅगेवरच्या धुळीचा चिखल झाला आणि वाळून पापडासारखा बसला. मशीनला एक गेज आहे, बॅगेच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब किती फरकाचा ते दाखवतं. एरवी आमचा काटा १०० मिलिमीटरच्या (हा दाब पाण्याच्या उंचीत मोजतात) आसपास असतो, तो २०० च्या पुढं गेला आणि टेबलावरची उदबत्ती सरळ वर जायला लागली. कॉम्प्रेसरला साठलेलं पाणी सोडणारा ऑटो ड्रेन आणि हवा सुकवणारा छोटा ड्रायर लावल्यावर थांबलं. कोकणात किंवा आमच्यासारख्या पावसाच्या पट्ट्यात मशीन घेणाऱ्याने ड्रायर धरूनच हिशेब करावा. गेज मात्र फार कामाचं आहे. त्याचा आकडा रोज सकाळी भिंतीवरच्या वहीत लिहिला जातो. काटा हळूहळू वर चढला तर बॅगा चोंदल्यात, एकदम खाली पडला तर एखादी फाटली आहे.

चौथी, हॉपर (बॅगांखालचं धूळ साठणारं नरसाळं) रिकामा करण्याची. सबंध आठवडा काळजीने गोळा केलेली धूळ शनिवारी बादलीत धाडकन सोडली तर पाच मिनिटांत पुन्हा हवेत जाते. आता तोंडाला जाड पिशवी क्लॅम्पने बांधतो, आधी पिशवी लावायची, मग गेट उघडायचं, आणि ते काम करणारा माणूस मास्कशिवाय जवळ जात नाही. झाडूही बंद केला, व्हॅक्यूम घेतला. सगळ्यात जड गेलं ते कॉम्प्रेसरच्या पाइपने अंग झटकायची सवय मोडणं. सुट्टीच्या वेळी सगळे रांगेत उभे राहून कपड्यांवर हवा मारायचे. तीस वर्षांची सवय. मी नळीचा नोझलच काढून ठेवला.

विजेचं म्हणाल तर आठ तासांच्या पाळीला सत्तर-पंच्याहत्तर युनिट वाढले. जास्तच आहे, लपवत नाही. ब्लोअर मागच्या भिंतीबाहेर बसवलाय, तरी शेजारच्या शेडला आवाज जातो. त्याला पेटी करायची राहिलीय.

रिपेअर वेल्डिंगसाठी वेगळा पोर्टेबल फ्यूम एक्स्ट्रॅक्टर घेतला होता, वळणारा हात असलेला. मशीन चांगलं आहे. पण हूड सांध्यापासून फूटभराच्या आत असेल तरच धूर ओढतो, आणि वेल्डर दर दोन इंचांनी हूड हलवत नाही. आमच्याकडं नग लहान असल्यामुळं शेवटी हात काढून टाकला, टेबलाच्या मागं फटींचा हूड बसवला. आता कुणाला काही हलवावं लागत नाही. बिडाच्या वेल्डिंगला निकेलच्या रॉड लागतात, तो धूर साधा समजू नका. वेल्डिंगचा धूर कर्करोगकारक आहे, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली ठरवलं. सिलिकाचं तर १९९७ लाच.

फरक पडला का? आमच्याकडं एक मामा आहेत, वय पंचावन्न, आण्णांच्या हाताखाली शिकलेले. महिन्याभराने म्हणाले, "मालक, सकाळी थुंकी काळी येत न्हाई आता. बायकूनं पण इचारलं, काम सोडलंसा काय." ऐकून मला रडू आलं. तरीही मी त्यावर विसंबलो नाही, कारण काळी थुंकी जाड धुळीची असते. बारीक धूळ दिसत नाही आणि थुंकीतही सांगत नाही.

म्हणून दोन गोष्टी केल्या. एक घरगुती : रात्री शेडचे दिवे बंद केले, एकाला टेबलावर ग्राइंडिंग करायला लावलं आणि त्याच्या पलीकडून माझ्याकडं तोंड करून मोठी बॅटरी लावली, बल्ब माझ्या डोळ्यांवर येणार नाही असा आडोसा धरून. उजेडाच्या त्या झोतात एरवी न दिसणारी धूळ धुरासारखी दिसते. कुठून निसटते ते अगदी बोटाने दाखवता येतं. दुसरी, प्रयोगशाळेकडून मोजणी. कामगाराच्या कमरेला छोटा पंप आणि कॉलरला बारीक धूळ वेगळी करणारी फिल्टरची डबी, पूर्ण पाळीभर. नंतर फिल्टरचं वजन आणि त्यातलं क्वार्ट्झ (वाळूतली स्फटिक सिलिका) किती ते काढतात. मशीन घेण्याआधी एकदा आणि नंतर एकदा केली. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात मर्यादा काढायचं सूत्र होतं : श्वासाबरोबर आत जाणाऱ्या धुळीसाठी १० भागिले (क्वार्ट्झची टक्केवारी अधिक २). धुळीत ३० टक्के क्वार्ट्झ असेल तर एका घनमीटर हवेत ०.३१ मिलिग्रॅम. चिमूटसुद्धा नाही. अमेरिकेने तर २०१६ मध्ये सिलिकाची मर्यादा ०.०५ मिलिग्रॅमवर आणली. आमची दोन्ही टेबलं आधी मर्यादेच्या बरीच वर होती, आता आत आहेत. पहिले दोन ग्राइंडरही आत. तिसरा अजून वर आहे, कारण त्यावर लांब नग चालतात आणि त्यासाठी हूडचा खालचा ओठ कापलेला आहे. त्या ग्राइंडरवर माणूस मास्क घालूनच उभा राहतो, तोही दाढी करून आलेला, नाहीतर मास्कच्या कडेने धूळ आत जाते. एप्रिलच्या उन्हात आठ तास मास्क कोण घालून राहील? म्हणून मास्क मी शेवटचा उपाय धरतो. त्याच कारखाने कायद्याच्या कलम १४ मध्ये १९४८ सालीच लिहिलं गेलं की धूळ जिथं निघते त्याच्या शक्य तितक्या जवळून ती ओढून घ्यावी आणि ती जागा शक्य तितकी बंदिस्त करावी. आण्णा कामाला लागले तेव्हा ते कलम जुनं झालेलं होतं.

मशीनला मी पाचापैकी चार देईन. एक गुण स्पार्क ट्रॅप आणि बारा इंची डक्टसाठी कापला. बसवल्यानंतरच्या सेवेला पूर्ण पाच, बोलावलं की दुसऱ्या दिवशी माणूस हजर. पुन्हा घ्यायचं झालं तर याच लोकांकडून घेईन, फक्त कोटेशनमध्ये प्रत्येक हूडचा सीएफएम, प्रत्येक डक्टमधला वेग आणि बसवल्यानंतरची मोजणी लिहून घेईन, आणि वीस टक्के रक्कम त्या मोजणीच्या कागदापर्यंत अडकवून ठेवीन.

स्विंग ग्राइंडरचं काम अजून व्हायचंय. तिथले नग टेबलावर मावत नाहीत, त्याला तीन बाजूंनी बंद बूथ लागेल आणि सध्याच्या ब्लोअरमध्ये तेवढी हवा शिल्लक नाही. वेगळ्या बूथचं कोटेशन आलंय, २ लाख ९० हजार. गणपतीच्या सुट्टीत बसवायचं ठरवलंय. तोवर स्विंगवर दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त काम घेत नाही आणि ते दोन तास सगळ्यांची सुट्टी झाल्यावर, एकट्या मास्कवाल्या माणसाकडून.